पोटाचे नातेवाईक

डॉक्टरांच्या लाकडी खुर्चीच्या दोन्ही हातांना गाठी होत्या. काळ्या रेशमी दोऱ्याच्या, बारीक, एकीला एक लागून, शेकडो. पेशंटशी बोलताना त्यांचे डोळे पेशंटच्या चेहऱ्यावर असायचे आणि बोटं खुर्चीच्या हाताखाली काम करत असायची. एकाच हाताने, न बघता, गाठ मारून मोकळे. टाके घालताना मारायच्या गाठींची सवय सुटू नये म्हणून, असं ते म्हणायचे. वर्षातून एकदा दवाखान्यातल्या मावशी कात्री घेऊन सगळ्या गाठी कापून टाकायच्या आणि खुर्ची पुसून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गाठ पुन्हा हजर.

हे सगळं लिहायचं कारण रेवाचा फोन. पोहण्याच्या शिबिराच्या फॉर्मवर 'पूर्वी शस्त्रक्रिया झाली आहे का, कोणी केली' असा रकाना आहे, तिथे काय लिहू, असं तिने मला विचारलं. नाव मी तिला स्पेलिंगसह सांगितलं. मग म्हणाली, "आजी, मला फक्त हॉपिंग आठवतं. आणि त्यांची हॉट वॉटर बॅग." नील तर तेव्हा चार वर्षांचा होता आणि आईबरोबर टोरांटोला परत गेलेला होता, त्याला काहीच माहीत नाही. म्हणून तुम्हा दोघांसाठी लिहून ठेवते. फॉर्मवर नाव ठीक आहे, पण नावावरून त्यांच्याबद्दल काहीही कळत नाही. आमच्याकडे तर नावाने त्यांना कोणी ओळखतही नव्हतं. मरोळपासून चकाल्यापर्यंत कुठल्याही रिक्षावाल्याला "लंगडीवाले डॉक्टर" म्हटलं की तो मीटर टाकायचा.

लंगडी म्हणजे रेवाचं हॉपिंग. त्यांच्या तपासणीच्या खोलीत करड्या फरश्यांमध्ये एकच लाल फरशी होती. पोट धरून कोणीही आलं की डॉक्टर आधी त्याला त्या लाल फरशीवर उभं करायचे आणि दाराकडे बोट दाखवून म्हणायचे, "उजव्या पायावर. दारापर्यंत लंगडी." वय, पद, वजन काही बघायचे नाहीत. बँकेच्या मॅनेजरांनी टाय लावून लंगडी घातली आहे. नऊवारीतल्या आजींनी भिंतीला हात लावून एक उडी मारली आहे. आतड्याच्या टोकाला जी शेपटी असते, अपेंडिक्स, ती सुजली की टाच जमिनीवर आदळल्याचा हादरा थेट तिथे जाऊन पोचतो, आणि माणूस पहिल्याच उडीला पोट धरून थांबतो. जो दारापर्यंत जाऊन परत येतो त्याचं दुखणं बहुधा वेगळं असतं.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकदा असेच वाकडे होऊन गेले. बायको एका बाजूला, मुलगा दुसऱ्या बाजूला. डॉक्टरांनी लंगडी घालायला लावली. सेक्रेटरी दारापर्यंत गेले, परत आले, आणि दमले नाहीत हे दाखवायला पुन्हा अर्ध्यापर्यंत गेले. डॉक्टर म्हणाले, "घरी जा. वाल खाल्लेत काल." खाल्ले होते. या अपमानावर सेक्रेटरी वर्षभर बोलत होते. आजार नाही म्हणून राग येणारी माणसं मी आयुष्यात बरीच पाहिली, त्यांत ते पहिले.

डॉक्टर मरोळच्या गावठाणातले. तिथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी एक, घरात मराठीच बोलणारं, अंगणात पांढरा क्रूस. खाली दहा खाटांचा दवाखाना, वर घर. दुपारी वरून कालवणातल्या बॉटल मसाल्याचा वास खाली यायचा आणि भरती असलेल्या सगळ्या उपाशी पेशंटांचा जीव कासावीस व्हायचा. त्यांच्या आजोबांची भातशेती जिथे होती तिथे आता काचेच्या इमारती आहेत. "आमच्या खळ्यावर आता लोक लॅपटॉप घेऊन बसतात," असं ते सांगायचे. आणि नव्या पेशंटला, "आम्ही इथले मूळचे. तुम्ही सगळे नंतर आलात. तरी बसा."

हातांची त्यांना फार काळजी. थंड हात पोटावर ठेवला की पोट घाबरून घट्ट होतं, मग खरं घट्ट कुठलं आणि घाबरून झालेलं कुठलं ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांच्या मांडीवर कायम गरम पाण्याची पिशवी असायची. तिला त्यांच्या बायकोने विणलेला जांभळा झगा होता. पोटदुखीचा पेशंट ती पिशवी बघून हात पुढे करायचा. डॉक्टर ती मागे घ्यायचे. "ही तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी आहे."

आणखी एक प्रश्न ठरलेला, "रिक्षा कुठल्या रस्त्याने आली?" मरोळच्या सगळ्या रस्त्यांवरचे गतिरोधक त्यांना पाठ होते. शाळेसमोरचा उंच, मशिदीपाशी दोन जवळजवळ, बेकरीच्या वळणावरचा तुटका. "बेकरीपाशी काय झालं?" असं विचारलं की खरा अपेंडिक्सचा पेशंट लगेच डोळे मिटायचा, कारण तिथे त्याचा जीव गेलेला असायचा. महापालिकेने एक रस्ता सिमेंटचा गुळगुळीत केला तेव्हा सगळे खूश झाले. डॉक्टर म्हणाले, "माझी एक तपासणी गेली."

त्यांच्याबद्दल तक्रार एकच होती, ते लवकर कापत नाहीत. सर्जन असून सारखं "थांबू या" म्हणतात. पेशंटला खाटेवर झोपवायचं, स्वतः शेजारी स्टुलावर बसायचं, तासाने पोटावर हात, पुन्हा तासाने हात. "काढायला अर्धा तास लागतो. ठरवायला मला दिवस लागला तर तुमचं काय जातं?" नातेवाईक वैतागायचे. नातेवाईकांवर त्यांचा राग होताच. त्यांचं एक वाक्य मावशींनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं होतं, "पोट खोटं बोलत नाही. पोटाचे नातेवाईक बोलतात."

तेव्हा मी हसले होते. मी नातेवाईक म्हणून अजून गेले नव्हते ना तिथे. मी गेले होते माझ्या गुडघ्यासाठी, आणि त्यांनी मला "गुडघा माझा नाही" म्हणून परत पाठवलं होतं. ओळख निघाली ती त्यांच्या दोन्ही मुलांना मी शाळेत इंग्रजी शिकवलं होतं म्हणून. त्यामुळे ते मला टीचर म्हणायचे.

त्या खोलीतली एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकली होती. त्यांच्या टेबलामागे भिंतीवर एक क्रूस आणि त्याच्या बरोबर खाली मराठी पंचांगाचं कॅलेंडर. त्यावर लाल पेन्सिलीने गोल. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊच्या नऊ दिवस. ख्रिस्ती माणसाच्या खोलीत. मी एकदा मावशींना विचारलं. त्या दिंडोशीहून यायच्या, माहेर मालवणजवळचं. म्हणाल्या, "माका काय म्हायत? देव सगळे सारखेच आसतत. तेंका इचारा." मी विचारलं नाही. कोणाच्या श्रद्धेबद्दल विचारू नये असं मला वाटतं.

आता त्या दिवसाकडे येते.

रेवा दहा वर्षांची होती. शाळेच्या सुट्टीत तुमची आई तुम्हा दोघांना घेऊन आली, दोन आठवडे राहून नीलला घेऊन परत गेली, आणि रेवा पुढचा महिना माझ्याकडे राहिली. मराठी सुधारण्यासाठी. माझ्याकडे त्या महिन्याचं वेळापत्रकच होतं, फ्रिजवर लावलेलं. दुसऱ्याचं मूल आपल्याकडे असलं की माणूस आपल्या मुलांपेक्षा जास्त जपून वागतो. रोज संध्याकाळी मी तुमच्या आईला दिवसभराचा अहवाल पाठवायची.

माझी संकष्टी असते हे तुम्हाला माहीत आहे. आदल्या दिवशी रेवाने विचारलं, उपास म्हणजे काय. मी सांगितलं की गणपतीसाठी दिवसभर जेवायचं नाही, चंद्र उगवला की जेवायचं, पण मध्ये साबुदाण्याची खिचडी चालते. खिचडीचं नाव ऐकल्यावर ती म्हणाली, मीपण करणार. त्याआधीच्या आठवड्यात तिने खिचडी तीनदा करून घेतली होती. मी मनात म्हटलं, हा उपास गणपतीपेक्षा साबुदाण्याचाच जास्त आहे.

सकाळी साडेआठला मी खिचडी तिच्यासमोर ठेवली. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. तिने बशी बघितली आणि बाजूला सरकवली. "नको."

"अगं, खिचडी उपासाला चालते."

"नको, आजी."

आणि मी काय केलं ते लिहायलाच हवं. मला भरून आलं. परदेशात वाढलेली एवढीशी मुलगी, समोर आवडीची वस्तू असून नको म्हणते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "शाबास. कडक उपास." शेजारच्या काकूंना दारातूनच सांगितलं. बशी झाकून ठेवली. दुपारी पाणी प्यायला लावलं तर तेही तिने दोन घोट घेऊन ठेवलं. माझा अभिमान आणखी वाढला.

एक वाजून चाळीस मिनिटांनी ती मला म्हणाली की पोट दुखतंय. मी थर्मामीटर लावला आणि कागद घेतला. सवयच आहे ती. कागदावर इंग्रजीत रकाने आखले: वेळ, ताप, उलटी, दुखण्याची जागा, काय दिलं. पहिली ओळ एक चाळीसची. दोनला एक उलटी. अडीचला बेंबीभोवती दुखतं. साडेतीनला जरा उजवीकडे. चारला रिक्षा.

"कुठल्या रस्त्याने आली?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं.

"बेकरी?"

मी म्हटलं, "हो, तिथे ती ओरडली."

"शाळेसमोर?"

"तिथेपण."

"सकाळपासून काय खाल्लं?"

मी म्हटलं, "आज तिचा उपास आहे. कडक. खिचडीसुद्धा नाही, पाणीसुद्धा जेमतेम." आणि त्यांच्यासमोर माझा कागद ठेवला. अजूनही, त्या क्षणीही, माझ्या आवाजात थोडी शेखी होती. मला ती आठवते.

त्यांनी रेवाला लाल फरशीवर उभं केलं. तिने एक उडी मारली, तोंड वाकडं केलं, आणि हट्टाने दुसरीही मारली. मग भिंतीला टेकली. "एवढी शूर असलीस तर मला कसं कळणार गो बाय?" डॉक्टर म्हणाले. रक्त घेतलं. दोन गल्ल्या सोडून सोनोग्राफी करून आणली. रिपोर्ट आला की अपेंडिक्स दिसलं नाही. म्हणजे नाही असं नव्हे, दिसलं नाही. रक्तात पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या. थोड्याच.

तोवर साडेपाच झाले. डॉक्टरांनी माझा कागद वाचला, एक चाळीसपासून बोटाने मोजलं. "चार तास पण झाले नाहीत. सुरुवात आहे, किंवा दुसरंच काहीतरी आहे. थांबू या. उद्या सकाळी ठरवू."

मला बरं वाटलं. मी फोन काढला, तुमच्या आईला कळवायला. डॉक्टर स्टूल ओढून तिथल्याच तपासणीच्या खाटेवर निजलेल्या रेवापाशी बसले, मांडीवर जांभळी पिशवी. बसता बसता त्यांची नजर भिंतीवर गेली, कॅलेंडरवर.

"काय गो बाय, आज चंद्र उगवल्यावर काय खाणार?"

मी म्हटलं, "मोदक करणार होते मी, उकडीचे."

ते माझ्याकडे वळले. "टीचर, वर्गात ज्याला विचारलं त्यानेच उत्तर द्यायचं असतं ना?"

मी काढलेला फोन खाली ठेवला.

"हां. काय खाणार?"

"काही नको," रेवा म्हणाली.

"मोदक?"

"नको."

"पिझ्झा आणू? चीज घालून?"

तिने मान फिरवली.

"सकाळी खिचडी का नाही खाल्लीस? देवाला काही सांगितलं होतंस?"

"नाही. मला वास आला. मला नको वाटलं."

"मग आजीला सांगायचं."

"आजी म्हणाली, शाबास." रेवाने माझ्याकडे बघितलं. "मग थोडं थोडं दुखायला लागलं. इथे मध्ये. मला वाटलं, उपास केला की असंच होतं."

"कधीपासून?"

"खिचडीपासून."

खुर्चीच्या हातापाशी डॉक्टरांची बोटं नव्हती, पण हवेत ती गाठ मारल्यासारखी हलली. त्यांनी माझा कागद पुन्हा घेतला.

"कागद छान आहे, टीचर. अक्षरही छान. पण यात खिचडी नाही."

खिशातली पेन्सिल काढून त्यांनी एक चाळीसच्या ओळीच्या वर, समासात, मराठीत लिहिलं: साडेआठ, खिचडी नको. "हे चार तासांचं दुखणं नाही. नऊ तासांचं आहे." मग पिशवीवर हात पालथे-उताणे शेकले आणि रेवाच्या पोटावर ठेवले. डावीकडे दाबलं. तिचा हात उजवीकडे गेला. ते पोटाकडे बघतच नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते. उजवीकडे हळूच दाबून एकदम हात उचलला, आणि ती रडली. त्या दिवसात पहिल्यांदा रडली.

"आता थांबायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. दुसरा कोणी म्हणाला असता तर मी आणखी एखाद्याचं मत घेतलं असतं. यांची तर ख्याती उलटी होती.

तुमच्या आईला फोन लावला. तिकडे सकाळ होती, ती कामावर निघत होती. मी सांगितलं, आणि ती जे बोलली त्याचा मला राग नाही. मी तिच्या जागी असते तर तेच बोलले असते. "आई, सोनोग्राफीत काही नाही तर कापताहेत कशाला? तू तिला त्या गल्लीतल्या दवाखान्यात का नेलंस? अंधेरीत मोठी हॉस्पिटलं नाहीत का? एमआरआय करा म्हणावं. मी सही देणार नाही अशी."

डॉक्टरांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"बोला. हो, मीच. रिपोर्ट माझ्यासमोर आहे. मुलगीपण माझ्यासमोर आहे. दोघांचं जुळत नसलं तर मी मुलीचं ऐकतो." मग बराच वेळ ते ऐकत राहिले. "न्या ना. मी अँब्युलन्स बोलावून देतो, कागद लिहून देतो. पण मोठ्या ठिकाणी पोचून, नंबर लागून, पुन्हा सगळं तपासून होईपर्यंत तीन तास जातील. ते तीन तास तिच्याकडे आहेत असं मला वाटत नाही. फुटलं तर महिनाभराचं दुखणं. तुम्ही आई आहात, तुम्ही सांगा."

फोनमधून तुमच्या आईचा आवाज आला, इतका लहान की मला वाटलं ती पुन्हा दहा वर्षांची झाली. "आईला द्या."

मी फोन घेतला.

"आई, तुला काय वाटतं?"

तिला मी काय सांगायला हवं ते मला कळत होतं. सांगायला हवं होतं की सकाळपासून दुखत होतं आणि मी शाबासकी देत होते. ते मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "हा माणूस विनाकारण कापत नाही. मी सही करते." ती म्हणाली, "कर."

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई अर्ध्या तासात आल्या. "शेवटचं कधी खाल्लं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काल रात्री. "वा," त्या म्हणाल्या, "पोट इतकं रिकामं ठेवून कोणी येत नाही." एवढा एक फायदा त्या उपासाचा झाला.

मावशी ट्रॉली ढकलत होत्या. रेवाने त्यांचा पदर धरला होता. "भियाव नको गो चेडवा," मावशी सांगत होत्या, "डॉक्टर बोलता कडू, पण हात गॉड आसा." रेवाला त्यातलं किती कळलं देव जाणे, पण तिने पदर सोडला आणि दार बंद झालं.

मी बाहेरच्या बाकावर बसले. समोर अंगणात क्रूसापाशी कोणीतरी झेंडूचा हार घातला होता. वरून भांड्यांचे आवाज येत होते, कुणीतरी रेडिओ लावला होता, घरचं नेहमीचं चाललेलं. मी मनात गणपतीला काहीतरी कबूल करायला निघाले होते, पण काय कबूल करायचं ते सुचेना. आणखी उपास करीन असं म्हणायची हिंमत झाली नाही.

मावशी चहा घेऊन आल्या.

"माझा उपास आहे. चंद्रोदयाआधी मी स्वतः काही घेत नाही, खिचडीसुद्धा नाही."

"ठेवा हो तो उपास बाजूक. देव आता आत आसा, चेडवाकडे. तुमच्या चायकडे बघूक तेका येळ नाय."

मी चहा घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तो पिऊन व्हायच्या आत दार उघडलं. डॉक्टर रुमालाने हात पुसत आले, सरळ तपासणीच्या खोलीत जाऊन आपल्या खुर्चीत बसले. मी मागे गेले. उभीच राहिले.

"फुटलं नव्हतं," ते म्हणाले. "टोक काळं पडलं होतं. फुटायच्या बेतात. पण नव्हतं फुटलं. आतली जागा स्वच्छ आहे." आणि त्यांच्या उजव्या हाताने खुर्चीखाली एक गाठ मारली.

तेव्हा मी बसले. गुडघा दुखतोय हेही तेव्हा मला त्या दिवसात पहिल्यांदा जाणवलं. डॉक्टर मला पाणी देत होते आणि मी त्यांना सांगत होते की चूक माझी आहे, मुलीने सकाळीच सांगितलं होतं, खिचडी सरकवून सांगितलं होतं, आणि मला तो गुण वाटला.

"पोटाचे नातेवाईक खोटं बोलतात, हे तुम्ही म्हणता ना," मी म्हटलं. "मी त्यातलीच."

"तुम्ही खोटं नाही बोललात. तुम्ही कौतुक केलंत. ते जास्त वाईट. खोटं मला लगेच ओळखू येतं, कौतुक ओळखायला वेळ लागतो." मग त्यांनी मागच्या भिंतीकडे अंगठा दाखवला. "हे कॅलेंडर का आहे, ठाऊक आहे?"

मी म्हटलं, नाही.

"नवीन दवाखाना टाकला तेव्हाची गोष्ट. कॉलेजातली एक पोरगी आली, नवरात्रात. पोट दुखतं. मी विचारलं, भूक आहे का? तिची आई म्हणाली, नऊ दिवसांचे उपास आहेत. मी म्हटलं, बरं. आमच्याकडेही ईस्टरच्या आधी उपास असतात, मला काय ते नवीन नाही. भुकेच्या रकान्यात मी लिहिलं, उपास. आणि घरी पाठवली. उपास म्हणजे भूक नाही असं नव्हे हो. उपासाला तर भूक जास्त लागते, म्हणून तर तो उपास. हे मला सुचायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी आली ती पोटभर पू घेऊन. चाळीस दिवस इथेच होती, बाहेर त्या कोपऱ्यातल्या खाटेवर." त्यांनी खुर्चीखाली आणखी एक गाठ मारली. "वाचली. मी कॅलेंडर आणलं."

तेव्हापासून लाल गोलाच्या दिवशी ते कोणालाही भूक आहे का असं विचारत नसत. उपास सोडताना काय खाणार, असं विचारत. धडधाकट माणसाची यादी तयार असते. वरणभात, तूप, पुरणपोळी, कोणाची बिर्याणी. ज्याच्याकडे यादी नाही, त्याच्याजवळ ते स्टूल घेऊन बसत.

रेवाला घरी सोडण्याचाही त्यांचा नियम होता. ताप नाही, जखम कोरडी आहे, एवढ्याने भागत नसे. पेशंटने पदार्थाचं नाव घेऊन मागायला हवं. "भूक लागली" चालत नाही, तसं तर नातेवाईकांना खूश करायलाही कोणी म्हणतं. पहिल्या दिवशी रेवाने पेज घेतली, दुसऱ्या दिवशी मऊ भात, दोन्ही सांगितलं म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला आले, तर ती उठून बसली होती आणि मावशींच्या नव्या मालवणी शब्दांची यादी माझ्या वेळापत्रकाच्या मागे लिहीत होती.

"काय गो चेडवा," डॉक्टरांनी मावशींची नक्कल केली.

"मला खिचडी पाहिजे," रेवा म्हणाली. "साबुदाण्याची. लिंबू घालून."

डॉक्टरांनी मान मागे करून दारातूनच तपासणीच्या खोलीतलं कॅलेंडर बघितलं. "आज उपास नाही. चालेल?"

"चालेल."

त्यांनी फाइलमधून माझा कागद काढला. रकाने संपले होते त्याच्या खाली पेन्सिलीने लिहिलं: तिसरा दिवस, खिचडी हवी. खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. "झालं. घरी न्या. चार चमचे द्या, जास्त नाही. आणि दाणे कमी घाला."

डॉक्टर आता ऑपरेशनं करत नाहीत. खाली त्यांची पुतणी बसते, ती छोट्या भोकांतून दुर्बिणीने सगळं करते, रेवासारखी तिरपी रेघ आता कोणाच्या पोटावर उमटत नाही. पण लाल फरशी तिने काढलेली नाही, आणि दर वर्षी नवं कॅलेंडर आणून गोल मात्र काका स्वतःच काढून देतात. मागच्या महिन्यात मी भेटायला वर गेले होते. जांभळी पिशवी मांडीवर होती. मी विचारलं, आता कशाला? म्हणाले, "आता खरोखर माझ्यासाठी."

कागदाचा फोटो याबरोबर पाठवते. रेवा, तो फॉर्मला जोडू नकोस, त्यांना कळणार नाही. आणि तुमच्या आईला हे वाचून दाखवा. त्या दिवशी सकाळी साडेआठला काय झालं, हे मी तिला इतक्या वर्षांत सांगितलेलं नाही. संध्याकाळच्या अहवालांत ती एकच ओळ राहिली होती.

रेवाला दवाखान्यातून सोडलं त्या दुपारी घरी येऊन मी खिचडी केली. डॉक्टरांनी सांगितलं तसे दाणे कमी घातले आणि बशीत मोजून चार चमचे वाढले. रेवाने पहिला चमचा तोंडात घातला, चावला, आणि माझ्याकडे बघितलं.

"आजी," ती म्हणाली, "यात दाणे कमी आहेत."

तेवढं ऐकून मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून जरा वेळ उभी राहिले.